बंड्याचे कान आणि माझे

लग्नात, बारशाला, अगदी कुणाकडे सांत्वनाला गेले तरी कुणी ना कुणी खिशातून आपला हेडफोन काढून माझ्या हातात देतं. "साळवे मॅडम, बघा बरं जरा, चांगलाय का?" नगरच्या एमआयडीसीत सव्वीस वर्षं हेडफोन ऐकून पास-नापास करायचं काम केलं, त्याचा हा प्रसाद. डॉक्टर दिसला की जीभ बाहेर काढणारे लोक असतात ना, तसलेच हे. पूर्वी मी ऐटीत तो कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. आता हातसुद्धा लावत नाही. "दुकानदाराला विचारा," म्हणते आणि उठते. लोकांना वाटतं, रिटायर झाल्यापासून बाई शिष्ट झाली.

शिष्ट नाही हो. भीती वाटते.

या अंकाच्या संपादकबाई दोन महिने मागे लागल्या होत्या, "तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा." लिहायला बसले आणि तीन वेळा उठले. एकदा गॅस बंद आहे का बघितलं, एकदा गच्चीवरचे कपडे आणले, एकदा उगाचच कपाट आवरलं. आमचे मिस्टर म्हणाले, "तुला काय मुंग्या चावतायत का?" चावतायतच. कारण मला खरं एकच सांगायचंय आणि नेमकं तेच टाळत बसलेय. म्हणून आधीच लिहून टाकते. आमच्या कंपनीत सारिका नावाची एक इंजिनिअर होती. एका मालाच्या बाबतीत ती बरोबर होती आणि मी चूक होते. त्यात तिची नोकरी गेली आणि माझं नाव तसंच मोठं राहिलं. कंपनीत हे आजही कुणाला माहीत नाही. हां, आता बाकीचं सांगता येईल.

कंपनीचं नाव घेत नाही. मी लागले तेव्हा तिथे टेलिफोनच्या रिसीव्हरमधल्या चकत्या व्हायच्या. पुढे कॉल सेंटरचे हेडसेट आले, मग शाळा-कॉलेजांत भाषा शिकवायला लागतात ते मोठे, दोन्ही कान झाकणारे हेडफोन. मी आधी जोडणीला होते. माझे वडील आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचे, त्यामुळे लहानपणापासून सूर हलला की मला कळायचं. लाइनवर बसल्या बसल्या मी "हा पीस बसका वाजतोय, तो चिरका वाजतोय" असं बडबडायचे आणि दहापैकी नऊ वेळा ते खरं निघायचं. साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी मला उचललं आणि "खोली"त बसवलं.

खोली म्हणजे खिडकी नसलेली, भिंतींना काचेच्या लोकरीचे थर आणि वरून कापड मारलेली, आठ बाय दहाची जागा. आत टेबल, खुर्ची आणि मी. पहिल्यांदा आत येणाऱ्याला आपल्याच पोटातली गुरगुर ऐकू यायची आणि तो घाबरून बाहेर पळायचा.

आता हेडफोनमध्ये असतं काय? एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं आणि मागे लोहचुंबक. वीज गेली की पडदा थरथरतो, आवाज होतो. पडद्यापुढे जाळी, जाळीवर कापडाची चकती, बाहेर कानाला टेकणारी गादी. यातलं काहीही बदला, चिकटवायचा डिंक जरी थेंबभर जास्त पडला, तरी आवाज बदलतो. म्हणून प्रत्येक पीस मशिनवर तपासायचा. मशिन म्हणजे रबराचा कान आणि त्याच्या आत माइक. मशिन एक शिट्टी वाजवतं, अगदी खालच्या घुमण्यापासून चढत चढत पार डासाच्या गुणगुणीच्याही वर. कुठल्या उंचीला किती आवाज आला त्याची पडद्यावर रेघ उमटते. वर एक लाल रेघ, खाली एक लाल रेघ. पिसाची रेघ दोन्हींच्या मधून गेली तर पास.

एवढं झाल्यावर प्रत्येक लॉटमधले काही पीस माझ्याकडे यायचे. मी ऐकायचे आणि कार्डावर सही करायचे. त्या सहीशिवाय माल गेटाबाहेर जात नसे. पाहुणे विचारायचे, मशिन असताना माणूस कशाला? मी म्हणायचे, "मशिन सांगतं किती, कान सांगतो कसं." पाहुणे वहीत लिहून घ्यायचे. मला मोठी गंमत वाटायची.

आणि तेव्हा ते खरंही होतं बरं का! एका उन्हाळ्यात सबंध लॉट मशिनवर पास होऊन आला. मी पहिलाच पीस कानाला लावला आणि म्हटलं, यात माती आहे. साहेब हसले. दुसरा लावला, माती. तिसरा, माती. कुठेतरी अगदी बारीक खरखर, तीसुद्धा तबल्याचा डग्गा घुमला की मगच. जोडणीतली अलका माझ्या बाजूने भांडायला उभी राहिली. "सायेब, मॅडम म्हनत्यात तर हाय म्हंजी हाय. फोडून बगा की!" फोडले. बाहेर रस्त्याचं काम चाललं होतं, लाइट गेल्यावर बायकांनी खिडक्या उघडल्या होत्या आणि पडद्यामागे पिठासारखी धूळ बसली होती. मशिन शिट्टी हळू वाजवायचं, तेवढ्याने ती धूळ हलत नव्हती. त्या दिवसापासून कंपनीत "मॅडमचे कान" ही म्हण झाली. आणि माझं डोकं जरा वर गेलं ते वरच राहिलं.

गेटाजवळ आमचं छोटं विक्रीचं काउंटर होतं. तिथे एकदा खर्ड्याचे एक गृहस्थ आले. जमिनीच्या केसची तारीख होती म्हणून नगरला आलेले, सोबत आमचाच हेडफोन. म्हशींची धार काढताना भजनं ऐकायचे. काउंटरवरच्या माणसाने त्यांना मशिनचा कागद दाखवला, पीस अगदी उत्तम आहे म्हणून. ते भडकले. "त्या मशिनीच्या कानाला मी काय करू? कान माजा हाय ना! तबला लई पातळ येतोय, पान्यासारका." मला बोलावलं. मी त्यांचाच हेडफोन ऐकला, तबला झकास. म्हटलं, "बाबा, तुम्ही घालून दाखवा." त्यांनी घातला. जाड काड्यांचा चष्मा, चष्म्यावरून कानटोपी आणि कानटोपीवरून हेडफोन! गादी कानाला टेकतच नव्हती. फट राहिली की खालचा, घुमणारा आवाज तिथून निघून जातो. कानटोपी काढायला लावली, चष्म्याची काडी जरा वर सरकवली. तसे ते काउंटरवर बोटांनी ठेका धरायला लागले. मग म्हणाले, "आरं तिच्या! तबलजी आत्ता आला व्हय!"

याच कारणाने मी सगळ्यांना सांगायचे की रबरी कान चष्मा लावत नाही, कुडी घालत नाही, त्याला घाम येत नाही. मोजमाप त्याचं, डोकं तुमचं. आणखी एक सांगायचे, दुकानात दोन हेडफोन लावून बघाल तेव्हा दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. जो मोठा वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो. विक्रीवाले याच भांडवलावर जगतात. आमच्या मालकांनासुद्धा मी एकदा एकच हेडफोन दोनदा ऐकवला होता, दुसऱ्यांदा आवाज थोडा वाढवून. "दुसरा कितीतरी सरस," म्हणाले. खोलीबाहेर आल्यावर खरं सांगितलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

बघा, दुसऱ्यांचे कान कसे फसतात हे मला तोंडपाठ होतं.

माझं ऐकायचं साधन ठरलेलं होतं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या नाताळच्या भजनाचं रेकॉर्डिंग. कंपनीचा चांगला माइक साहेबांकडून मागून नेऊन मीच केलं होतं. पेटीवर वडील, तबला, बायकांचा आवाज आणि मागे झांज. आधी कॅसेट, मग सीडी, मग कॉम्प्युटरवर, पण भजन तेच. या धंद्यात सगळे हेच सांगतात की ओळखीचं गाणं लावा, म्हणजे वेगळेपण चटकन कळतं. मी ते चोवीस वर्षं रोज ऐकलं. दुसऱ्या कडव्यानंतर झांज कुठे पडते, वडील श्वास कुठे घेतात, कुणाची खुर्ची कुठे करकरते, सगळं पाठ. कार्डावर मी तसंच लिहायचे. "तबला भरीव. आवाज मोकळा. झांज स्वच्छ."

रिटायर व्हायला पाचेक वर्षं राहिली असताना कंपनीने परदेशातून नवं मशिन आणलं. नुसता कान नाही, अख्खं मुंडकं. मान, नाक, दोन्ही बाजूंना रबरी कान. अलकाने त्याला बघताक्षणी नाव ठेवलं, बंड्या. खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा झाली तेव्हा बंड्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली आणि कपाळाला हळदकुंकू लावलं. आम्ही ख्रिस्ती, मी पूजेला बाजूला उभी राहायचे आणि पेढ्याला पुढे. त्या वर्षी मात्र पेढाही गोड लागला नाही.

बंड्याबरोबर त्याला चालवणारी सारिका आली. जामखेडची, डिप्लोमा केलेली, सव्वीस-सत्तावीसची. कामाला वाघ. बोलायला कमी, पण बोलली की मागे हटायची नाही. सहा महिने प्रोबेशनवर होती. मला मनातून ती आवडायची आणि म्हणूनच जास्त खुपायची, असं काहीतरी होतं ते.

मग एका अंध शाळेची ऑर्डर आली. तिथली मुलं धडे रेकॉर्डिंगवर ऐकतात, दिवसाचे चार-पाच तास. हेडफोन तयार झाले. सारिका कागद घेऊन खोलीत आली.

"मॅडम, हा लॉट थांबवावा लागेल. वरच्या भागात रेघ खूप घसरलीये. बंड्यावर तीनदा बघितलं. पुरवठादाराने जाळीवरच्या चकत्या जाड कापडाच्या पाठवल्यात बहुतेक."

मी चार पीस मागवले. भजन लावलं, डोळे मिटले. झकास आवाज. उलट नेहमीपेक्षा मऊ, गोड. झांज जिथल्या तिथे. म्हटलं, "काही झालेलं नाही. मुलांना दिवसभर ऐकायचंय, गोड आहे ते बरंच आहे."

"पण मॅडम, मलाही ते दबलेलं ऐकू येतंय. नुसता कागद नाही, मी स्वतः ऐकलंय."

खोलीचं दार उघडं होतं. बाहेर साहेब होते, अलका होती, पाच-सहा जणी होत्या. मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "तुला ऐकायला शिकायला अजून दहा वर्षं लागतील. आणि त्या बंड्याला भजन कळतं का?"

सगळे हसले. साहेबही. सारिकाचं तोंड एवढंसं झालं, पण तिने कागद उचलला नाही. "मॅडम, एकदा दुसऱ्या कुणाला तरी ऐकवून बघू या," एवढंच म्हणाली. दुसऱ्या कुणाला! एकवीस वर्षांच्या माझ्या कानांवर दुसरं कुणी? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यासमोर कार्डं पुढे ओढली आणि भराभर सह्या केल्या. माल गेला.

तिने साहेबांना मेल लिहून कळवलं की तिचा या लॉटला विरोध आहे. ती तिचं कामच करत होती, पण मला तो अपमान वाटला. पुढच्या महिन्यात तिच्या प्रोबेशनच्या कागदावर सगळ्यांनी शेरा द्यायचा होता. मी लिहिलं, "ऐकण्याची जाण नाही." तीन शब्द. तिला कायम केलं नाही. जायच्या दिवशी ती खोलीच्या दारापर्यंत आली, थोडी थांबली आणि परत फिरली. मी तिच्याकडे बघूनही न बघितल्यासारखं केलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्या शाळेतले काळे सर आले. स्वतः अंध, हातात काठी, पिशवीत आमचा हेडफोन. अतिशय सौम्य माणूस. म्हणाले, "बाई, मुलं कंटाळतात. गोधडीतून ऐकल्यासारखं वाटतं. तासाभरात डोकं दुखतं म्हणून काढून ठेवतात."

मी म्हटलं, "सर, नवीन आहेत. सवय होईल."

ते हसले. "आमचं सगळं कानावरच चालतं हो. आम्हाला सवयीचं सांगू नका."

कंपनीने गाजावाजा न करता तो माल बदलून दिला. पुरवठादारावर खापर फुटलं, जाड चकत्या परत गेल्या. मला कुणीच काही विचारलं नाही. आणि मी? मी मनाची समजूत घातली की माझ्याकडे आलेले चार पीस चांगले असणार, खराब दुसरे असणार. सारिकाला फोन करावा असं एकदाही वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल. वाटलं, दोन-तीनदा नंबरही काढला. पण "तू बरोबर होतीस" म्हणायचं म्हणजे मग मी कोण, हा प्रश्न यायचा. त्याच्या पुढे बोट जाईना. पुढे पाच वर्षांनी शाल-श्रीफळ घेऊन रिटायर झाले. निरोपाच्या भाषणात मालक म्हणाले, "मॅडमचे कान आम्हाला म्युझियममध्ये ठेवायला हवेत." टाळ्या पडल्या.

खरं कळलं ते दोन वर्षांनी, आणि तेही थर्मामीटरमुळे. मिस्टरांना ताप होता. मी त्यांच्या तोंडात तो बॅटरीचा थर्मामीटर दिला आणि वाजायची वाट बघत उभी राहिले. वाजेना. ते हातवारे करायला लागले. मी म्हटलं, "थांबा हो, वाजू दे." ते आणखी जोरात हातवारे करायला लागले. शेवटी थर्मामीटर तोंडातून काढून ओरडले, "अगं बाई, तीनदा वाजून गेला! बहिरी झालीस का?"

सावेडीला कान तपासायला गेले. तिथेही खोलीच होती, भिंतींना कापड मारलेली. तपासणारी मुलगी बाहेर बसली होती, मी आत, कानाला हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. झाल्यावर तिने कागद हातात दिला. रेघ डावीकडून सरळ आली होती आणि उजवीकडे धाडकन खाली पडली होती. मला वाचायला शिकवायची गरज नव्हती. सारिकाने माझ्यासमोर ठेवलेल्या कागदावर अशीच रेघ होती.

"असं कधीपासून असेल?" मी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही, काकू. पण हे हळूहळू होतं. दहा वर्षं तरी झाली असतील. मोठ्या आवाजात काम करत होता का?"

मी मनात वजाबाकी केली. लॉट सात वर्षांपूर्वीचा. बाहेर येऊन रिक्षाला हात केला, रिक्षा थांबली, आणि कुठे जायचं तेच सांगता येईना.

त्यानंतर घरात मला चैन पडेना. टीव्ही लावायचा, बंद करायचा. स्वयंपाकात मीठ दोनदा. मिस्टर म्हणायचे, "या वयात सगळ्यांचंच कमी होतं, एवढं काय मनाला लावून घेतेस?" त्यांना कसं सांगणार, ऐकू कमी येतं त्याचं काही नव्हतं. तीन शब्द मी हाताने लिहिले होते आणि ते माझ्याबद्दल लिहायला हवे होते. शेवटी अलकाकडून पत्ता मिळाला. सारिका जामखेडलाच एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होती. एका सकाळी उठले आणि कुणाला न सांगता जामखेडच्या एसटीत बसले. कडा गेलं, आष्टी गेलं. दर स्टॉपला वाटायचं, इथेच उतरावं आणि समोरची गाडी पकडून परत जावं.

सारिका स्टाफरूममध्ये होती. जराशी भरलीये, चष्मा लागलाय. मला बघून उभी राहिली. "मॅडम? तुम्ही इकडं?"

मी बसलेसुद्धा नाही. पर्समधून कानाचा कागद काढला आणि तिच्या टेबलावर ठेवला. "तू बरोबर होतीस. बंड्या बरोबर होता. मला ऐकू येत नव्हतं आणि मी तुझी नोकरी घालवली. मला माफ कर."

तिने कागद बघितला. मग म्हणाली, "मला माहीत होतं, मॅडम."

"काय माहीत होतं?"

"तुम्हाला वरचं ऐकू येत नाही ते. आपलं भांडण झालं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या कॉम्प्युटरवरचं भजन बदललं होतं. त्यातला वरचा सगळा भाग कापून टाकला. झांज राहिलीच नव्हती त्यात, नावालासुद्धा. तुम्ही ते दिवसभर ऐकलंत. संध्याकाळी कार्डं बघितली मी. सगळ्यांवर लिहिलं होतं, झांज स्वच्छ. मग मूळचं परत टाकून ठेवलं."

मी खुर्ची ओढून बसले. चोवीस वर्षं ऐकलेलं भजन. त्यातली झांज माझ्या डोक्यात वाजत होती आणि मी तिला हेडफोनचे मार्क देत होते. किती वर्षं, देव जाणे.

"मग बोलली का नाहीस गं?" माझा आवाज चढला. अजूनही चढतो बघा, चूक माझीच आणि ओरडणार मीच! "कार्डं होती तुझ्याकडे. साहेबांना दाखवायची होतीस. वाचली असतीस की!"

खरं सांगते, मला एक उत्तर हवं होतं. तिने म्हणावं की तुमच्या वयाकडे बघून बोलले नाही, तुमची दया आली. एसटीत बसल्या बसल्या मी तेवढ्याचसाठी मन तयार केलं होतं.

"आधी भीती वाटली," ती म्हणाली. "माझं कोण ऐकणार होतं? उलट फाइलशी खेळली म्हणून काढलं असतं. आणि तुमचा शेरा वाचल्यावर लई राग आला. शेवटच्या दिवशी सांगायला म्हणून दारापर्यंत आले होते. तुम्ही मान फिरवलीत. म्हटलं, राहू दे यांना असंच. बसू दे आत, करू दे सह्या. मुद्दामच सांगितलं नाही, मॅडम."

रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता, आणि तो राग करायचा मला हक्क नव्हता.

"पण मला नंतर बरं नाही वाटलं," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या शाळेतली पोरं मनात यायची. तुमच्या रागात मी त्यांना विसरले. तुम्ही जशी विसरलात तशीच." ती उठली. "तास आहे माझा. चला वर्गात."

"मी काय करू येऊन?"

"मला सांगितलंत ते त्यांना सांगा. तिथं सगळ्यांसमोर माझं हसं केलंत ना तुम्ही? मग इथं सगळ्यांसमोर बोला."

रोखठोक बोलली. नाही म्हणायला तोंड नव्हतं. गेले.

तीसेक मुलंमुली होती. मी फळ्यापुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. शाळेची ऑर्डर, जाड चकत्या, बंड्याला भजन कळतं का, ते तीन शब्द, थर्मामीटर, आणि आत्ताच कळलेली झांजेची गोष्टही. थर्मामीटरला थोडी हसली. झांजेला कुणी हसलं नाही. "तुमच्या या मॅडमना ऐकण्याची जाण होती," म्हटलं, "आणि त्यांनी ती यंत्रावर तपासूनही घेतली होती. मी कशावरच तपासली नव्हती."

पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "पण मॅडम, तुमाला स्वतःला कसं काय कळलं न्हाई? कायतरी कमी ऐकू येतंय, असं जानवतंच की मानसाला."

"नाही जाणवत," मी म्हटलं. "कमी आलेलं कळतं. न आलेलं कसं कळणार?" तिला पटलेलं दिसलं नाही. खरं म्हणजे सावेडीचा कागद पर्समध्ये घेऊन फिरत होते तरी मलाही ते पुरतं पटलेलं नव्हतं. रेघ कागदावर पडली होती. माझं जग मला पूर्वीसारखंच, पूर्ण ऐकू येत होतं.

सारिकाने कपाटातून शिट्टीचं यंत्र काढलं, स्पीकरला जोडलं आणि टेबलावर ठेवलं. मला पुढच्या बाकावर त्या मुलीशेजारी बसवलं. "सगळ्यांनी हात वर करा, डोळे मिटा. मॅडम, तुम्हीपण. आवाज चढत जाईल. ऐकू येईनासा झाला की हात खाली घ्यायचा. उगाच दुसऱ्याचं बघून घेऊ नका."

शिट्टी सुरू झाली. खालचं घुमणं, मग पेटीची काळी चार, मग बायकांच्या गळ्याचा वरचा टोकाचा सूर. ही चढण माझ्या पायाखालची. बारीक होत होत शिट्टी वर गेली, अजून वर गेली, आणि मग संपली. तुटली नाही, अडखळली नाही, व्यवस्थित संपली. सारिकाने यंत्र बंद केलं असणार. मी हात खाली घेतला आणि बाकीच्यांचे हात खाली आल्याची, बाकं करकरल्याची वाट बघत राहिले. वर्ग शांत होता. कुणी हलेना, सारिकाही काही बोलेना. म्हणून मी डोळे उघडले आणि मागे वळून बघितलं.

सगळ्यांचे हात वर होते.